उठतं खरं, पण पडतं किती वेळा?

गेल्या वर्षीच्या कथास्पर्धेत नऊ जणांचं लेखन हरवलं. मंडळाच्या सभेत त्यावर पाचेक मिनिटं बोलणं झालं, इतिवृत्तात 'तांत्रिक अडचण' असे दोन शब्द लिहिले गेले, मग चहा आला. त्या सभेत मी मागच्या बाकावर गप्प बसले होते. आता माझं शेवटचं वर्ष चालू आहे, पुढच्या वर्षीच्या अंकांना मी इथं नसेन, म्हणून लिहून टाकते. ती अडचण आकाशातून पडली नव्हती. तिचा अर्धा भाग मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये होता आणि उरलेला अर्धा एका सेटिंगमध्ये, ज्याचं आम्हा सगळ्यांना भारी कौतुक होतं. सर्व्हिस पडली की ती आपोआप पुन्हा सुरू व्हावी, हे ते सेटिंग. ह्या लेखात मला त्या सेटिंगविरुद्ध थोडं आणि आपल्या मंडळाविरुद्ध जरा जास्त बोलायचं आहे.

ज्यांनी ते मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: आपलं ई-मासिक कुठल्या ढगात वगैरे राहत नाही. संगणक प्रयोगशाळेत खिडकीशेजारच्या टेबलाखाली एक जुना पीसी आहे. त्यावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे, तोच. मेमरी २ जीबी. त्यावर डेबियन लिनक्स आहे, म्हणजे युनिक्सच्याच घराण्यातली प्रणाली. तिच्यावर रात्रंदिवस तीन कामं चालू असतात. एक वेबसर्व्हर, दुसरा डेटाबेस आणि तिसरा माझा प्रोग्राम, जो 'लेखन पाठवा' आणि 'जुने अंक शोधा' ही दोन पानं सांभाळतो.

अशा, न दिसता मागे चालत राहणाऱ्या प्रोग्रामला युनिक्सवाले डीमन म्हणतात. नावाच्या शेवटी 'डी' दिसला की समजायचं, हा त्या जातीतला: एसएसएचडी, एचटीटीपीडी, क्रॉनडी. शब्द भुताखेतांचा वाटतो, पण १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या लोकांनी तो उचलला तो भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या डीमनवरून. मॅक्सवेलचा डीमन बारीकशा दारापाशी बसून एकेक रेणू निवडत राहतो, थकत नाही, तक्रार करत नाही. आपल्याकडे गावाच्या वेशीवरचा राखणदार असतो तसं काहीसं. दिसत नाही, पण तो आहे म्हणून माणसं निर्धास्त झोपतात. पहाटे भोंगा वाजवत येणारा पोदेर मात्र डीमन नव्हे. तो ठरल्या वेळी येतो, पाव देतो आणि जातो. ते क्रॉनचं काम झालं.

तर राखणदार पडला तर काय करायचं, हा प्रश्न.

मशीन बसवलं ते आमच्या एका माजी विद्यार्थी दादानं. तो आता बंगळुरूला नोकरी करतो. जाण्यापूर्वी त्यानं मला एक फाईल दाखवली. माझ्या प्रोग्रामची सर्व्हिस फाईल, पंधरा-सोळा ओळींची. त्यातली एक ओळ बोटानं दाखवून म्हणाला, "ही बघ. रीस्टार्ट बरोबर ऑलवेज. आता हा पडला तरी पाच सेकंदांत उठेल. तू झोप सुखानं." मी झोपले. खरंच झोपले. पावसाळ्यात दिवसातून दोनदा लाईट जायची, परीक्षेच्या काळात कुणाला प्रयोगशाळेत फिरकायला वेळ नसायचा, पण मासिक उघडलं की उघडायचं. मंडळात माझं कौतुक झालं ते वेगळंच.

स्पर्धेची मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी बी.ए. पहिल्या वर्षाची एक मुलगी मला शोधत आली. तिचं म्हणणं होतं की आलेल्या कथांच्या यादीत तिचं नाव नाही. मी म्हटलं, पाठवली नसशील नीट. तिनं मोबाईलवर काढून ठेवलेला स्क्रीनशॉट पुढे केला: 'आपलं लेखन मिळालं. धन्यवाद.' ही ओळ मीच लिहिली होती. तारीख, वेळ, सगळं होतं. तिची आजी कुर्डीची. साळावलीच्या धरणात ते गाव पाण्याखाली गेलं आणि दर उन्हाळ्यात, मे महिन्यात, पाणी उतरलं की ते वर येतं, तेव्हा जुनी माणसं तिथं जातात. आजीला घेऊन तिथं गेलेल्या दिवसाची ती कथा होती. दोन रात्री बसून तिनं थेट त्या पानावरच मोबाईलनं टाईप केली होती. दुसरीकडे प्रत नव्हती. 'मिळालं' असं लिहून आल्यावर प्रत कशाला ठेवायची?

मी प्रयोगशाळेत जाऊन मशीनच्या नोंदी उघडल्या. जर्नलसीटीएल ही आज्ञा दिली की एकेका सर्व्हिसची रोजनिशीच समोर येते. मी ती वर्षभरात पहिल्यांदा वाचत होते. तेच तेच तीन-चार ओळींचं कडवं, पानामागून पान. मुख्य प्रक्रिया संपली, कारण किल, सिग्नल ९. पुन्हा सुरू करण्याची वेळ ठरवली. सुरू केली. मग काही वेळानं पुन्हा: मुख्य प्रक्रिया संपली. सिस्टिमडी ही मोजदाद स्वतः ठेवतं, एन-रीस्टार्ट्स नावाखाली. तो आकडा विचारला. मशीन सुरू होऊन एकतीस दिवस झाले होते आणि आकडा होता १,३१२. म्हणजे दिवसाला बेचाळीस वेळा माझा प्रोग्राम मरत होता आणि उठत होता. मधल्या पाच सेकंदांत पान उघडायला गेलेला माणूस वैतागून पुन्हा बोट दाबायचा, तोवर तो उभा. कुणालाच कळलं नाही. मला तर नाहीच नाही.

मरत का होता, हे सांगायला दोन वाक्यं पुरेत. 'जुने अंक शोधा' मध्ये कुणी एक शब्द टाकला की माझा प्रोग्राम सगळे जुने अंक मेमरीत ओढून घ्यायचा आणि काम झाल्यावर ती मेमरी सोडायचा नाही. मेमरी संपत आली की लिनक्सचा गाभा मशीन वाचवण्यासाठी सगळ्यांत जास्त जागा अडवून बसलेल्याला शोधतो आणि सिग्नल ९ देऊन संपवतो. सिग्नल १५ म्हणजे 'आवरा, निघायचंय'. तो मिळाला की प्रोग्रामला हातातलं काम पुरं करता येतं. ९ ला आवरायला वेळ नसतो. तो प्रोग्रामच्या कानावरही पडत नाही.

आणि कथा का हरवल्या? कारण आलेलं लेखन मी लगेच डिस्कवर लिहीत नव्हते. ती डिस्क जुनी, घरघर आवाज करायची, म्हणून मी ठरवलं की लेखन मेमरीत साठवायचं आणि दर पाच मिनिटांनी एकदम लिहायचं. मशीनला त्रास नको! त्या पाच मिनिटांत सिग्नल ९ आला की साठवलेलं सगळं गेलं. पाठवणाऱ्याला मात्र 'मिळालं, धन्यवाद' केव्हाच कळवून झालेलं. ही माझी चूक आणि ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. ज्या क्षणी डिस्कवर उतरलं त्याच क्षणी 'मिळालं' म्हणायचं, त्याआधी नाही, हा नियम तेव्हा मला कुणी शिकवला नव्हता, पण थोडा विचार केला असता तर सुचला असता.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. प्रोग्राम पडल्यावर पडूनच राहिला असता तर काय झालं असतं? पहिल्याच दिवशी पान बंद पडलं असतं. कुणीतरी मला फोन करून शिव्या घातल्या असत्या. मी नोंदी वाचल्या असत्या आणि जास्तीत जास्त एखाददुसरं लेखन गेलं असतं. आपोआप उठण्यानं प्रोग्राम वाचवला नाही, माझी चूक एक महिना झाकून ठेवली.

हे मी दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग काय, रात्री दोन वाजता पडलं तर सकाळी अकरापर्यंत बंद ठेवायचं? दिवाळीच्या सुटीत पडलं तर? कोण येणार आहे तिथं चालू करायला?" त्याचं चूक नाही. छोट्या जागेत, जिथं पगारी माणूस नाही, तिथं आपोआप सुरू होणं ही चैन नव्हे. डेटाबेस लाईटच्या झटक्यानं पडला आणि उठला, ह्यात वाईट काय? उलट आमच्या विभागातले एक सर अगदी दुसऱ्या टोकाचे. त्यांचं म्हणणं, पडलेला प्रोग्राम माणसानं पाहिल्याशिवाय उठवायचाच नाही, नाहीतर पुरावा पुसला जातो. तेही ऐकायला बरं वाटतं, पण सर स्वतः सुटीत येत नाहीत हे मी तीन वर्षं पाहते आहे.

मला दोन्ही पटत नाहीत. उठवावं, पण मोजून. आणि मोजणी संपली की गप्प न बसता ओरडावं. हे काही मी शोधून काढलेलं नाही. युनिक्सच्या जुन्या लोकांना ते चांगलं ठाऊक होतं, आपण ते वाचलं नाही एवढंच.

युनिक्स सुरू झालं १९६९ मध्ये, बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून. त्यात मशीन सुरू झालं की गाभा पहिला प्रोग्राम चालू करतो, इनिट, क्रमांक १. बाकी सगळे त्याची मुलंनातवंडं. ज्याचा बाप आधी मेला त्या पोरक्या प्रक्रियेलाही सहसा हा क्रमांक १ दत्तक घेतो. टर्मिनलवर 'लॉगिन' असं विचारणारा गेटी नावाचा प्रोग्राम असतो. माणूस काम संपवून गेला की तिथली प्रक्रिया संपते आणि पुढच्या माणसासाठी नवा गेटी उभा करावा लागतो. ते काम इनिटचं. म्हणजे आपोआप पुन्हा सुरू करणं हे मुळात अपघातासाठी नव्हतंच, एक माणूस गेला की दुसऱ्यासाठी खुर्ची पुसून ठेवावी, इतकं ते साधं होतं.

पुढे सिस्टिम फाईव्ह युनिक्समध्ये ह्यासाठी इनिटटॅब नावाची फाईल आली आणि तिच्यात 'रीस्पॉन' हा शब्द. ज्या ओळीत रीस्पॉन, तो प्रोग्राम मेला की इनिट तो पुन्हा जन्माला घालणार. लिनक्सवर हीच पद्धत आली तेव्हा तिच्या माहितीपानात एक नियम लिहिलेला होता, जो मला फार आवडतो. एखादा प्रोग्राम दोन मिनिटांत दहापेक्षा जास्त वेळा मरू लागला, तर इनिट समजतो की आज्ञेतच काही चुकलंय. तो कन्सोलवर तसं लिहितो, आणि पाच मिनिटं त्या प्रोग्रामला हात लावत नाही. 'हा फार भरभर मरतोय, पाच मिनिटं बंद.' त्या पडद्यासमोर कुणीतरी बसलेलं असायचं, निदान येता-जाता बघायचं. आमच्या पीसीला पडदाच नाही. तो काढून दुसऱ्या टेबलावर लावलाय.

मेल, वेब, छपाई अशा मोठ्या सर्व्हिसना मात्र ही सोय सहसा नसायची. त्या मशीन सुरू होताना एका स्क्रिप्टनं चालू व्हायच्या, आपला क्रमांक एका फाईलीत लिहून ठेवायच्या आणि नंतर त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही. पडली तर पडली. मग लोकांनी जुगाड केले. दर पाच मिनिटांनी क्रॉननं यायचं, फाईलीतला क्रमांक बघायचा, त्या क्रमांकाचा कुणी जिवंत आहे का ते विचारायचं, नसेल तर सर्व्हिस चालू करायची. ह्यात मजा अशी की क्रमांक फिरून वापरले जातात. मूळ सर्व्हिस मेलेली, तिचा क्रमांक एखाद्या भलत्याच प्रोग्रामला मिळालेला. स्क्रिप्ट म्हणते, 'आहे की जिवंत!' किंवा त्याहून वाईट, सर्व्हिस थांबवायला गेलं आणि त्या भलत्याचाच बळी गेला. बाहेर टांगलेल्या पाटीवर विसंबून घरात कोण राहतं ते ठरवण्यासारखं.

ह्यावरचा खरा उपाय म्हणजे पालकानंच लक्ष ठेवायचं. युनिक्समध्ये मूल मेलं की पालकाला गाभा स्वतः कळवतो, फाईल वाचत बसावं लागत नाही. डी. जे. बर्नस्टाईन यांचं डीमनटूल्स ह्याच तत्त्वावर चालतं. प्रत्येक सर्व्हिसला एक छोटा सुपरवाईज, तिचा बाप, तिच्याजवळ बसलेला. सुरू होताहोताच मेली तरी तो एक सेकंद थांबूनच पुन्हा सुरू करतो, म्हणजे मशीन त्या उठाबशीतच दमून जात नाही. २००५ मध्ये सोलॅरिस १० आलं, त्यात सर्व्हिस फार वेळा पडली की तिला 'मेंटेनन्स' ह्या अवस्थेत टाकायची सोय होती. मग माणसानं येऊन पाहिल्याशिवाय आणि 'क्लीअर' म्हटल्याशिवाय ती उठत नसे. शिवाय एक आज्ञा अशी होती की काय बंद आहे, का बंद आहे आणि त्यामुळे आणखी कोण अडलंय, हे ती वाक्यात सांगायची. आमच्या सरांना ते सोलॅरिस फार आवडलं असतं.

आता आपल्या मशीनवर आहे ते सिस्टिमडी. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सुरू केलेलं, पुढच्या वर्षी फेडोरात आणि २०१५ मध्ये डेबियनमध्ये मूळ म्हणून आलेलं. त्याच्याविरुद्ध भांडणारे पुष्कळ आहेत. त्या भांडणात मी पडत नाही. पण त्याच्या माहितीपानात रीस्टार्टबद्दल जे लिहिलंय ते मी अपघातानंतर नीट वाचलं आणि मला लाज वाटली. तिथं मूळ किंमत 'नो' आहे. म्हणजे तुम्ही काही सांगितलं नाहीत तर पडलेली सर्व्हिस उठवली जात नाही. सतत चालणाऱ्या सर्व्हिससाठी शिफारस आहे ती 'ऑन-फेल्युअर' ची, म्हणजे बिघडून पडली तर उठव, पण स्वतःचं काम नीट संपवून शहाण्यासारखी बंद झाली तर राहू दे. 'ऑलवेज' म्हणजे काहीही होवो, उठव. आपण आज्ञा देऊन बंद केली असेल तर तेवढी उठत नाही.

मोजणीही त्यात आहे. मुळात, दहा सेकंदांत पाचदा सुरू झाली की सहाव्यांदा नकार. मग सर्व्हिस 'फेल्ड' होते आणि तशीच राहते. मी म्हटलं, ही मोजणी होती तर माझा प्रोग्राम १,३१२ वेळा कसा उठला? उत्तर इतकं साधं आहे की हसू येतं. दादानं पडल्यावर पाच सेकंद थांबून सुरू कर असं लिहिलं होतं. चांगल्या मनानं. मुळात हा थांबा एक दशांश सेकंदाचा असतो, तो त्यानं मशीनवर दया करून पाच सेकंद केला. आता दर खेपेला पाच सेकंद थांबायचं म्हटल्यावर दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होणं कुठून शक्य आहे? प्रोग्राम जन्मताच मरत राहिला असता तरी दहा सेकंदांत दोन-तीन खेपा. मोजणी कधी भरणारच नव्हती. दारावर पहारेकरी ठेवला आणि दाराला पाठ करून बसवला.

आणि थांबा पाचाचा नसता तरी माझा प्रोग्राम सुटलाच असता, कारण तो अर्ध्या-पाऊण तासानं मरत होता. भरभर मरणाऱ्याला सगळे पकडतात. सावकाश, नेमानं मरणारा कुणाच्या डोळ्यांत येत नाही. आजारी माणसाचंही असंच असतं, पण तो विषय नको.

मग मी काय केलं ते सांगते, म्हणजे नुसती तक्रार होणार नाही. 'ऑलवेज' काढून 'ऑन-फेल्युअर' लिहिलं. मोजणीची खिडकी दहा सेकंदांवरून एक तास केली, खेपा पाचच ठेवल्या. तासात पाचदा पडला की सहावी खेप नाही. आणि 'ऑन-फेल्युअर' पासून वेगळी एक ओळ असते, ऑनफेल्युअर ह्याच नावाची, नावं ठेवणाऱ्यांना नमस्कार. तिच्यात असं सांगता येतं की ही सर्व्हिस हरली की दुसरी एक चालू कर. ती दुसरी सर्व्हिस म्हणजे मंडळाच्या चौघांना मेल पाठवणारी चार ओळींची स्क्रिप्ट. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की ही मेल पहिल्या पडण्याला येत नाही. रीस्टार्ट लावलेलं असेल तर सर्व्हिस 'हरली' असं मोजणी संपल्यावरच धरलं जातं. म्हणून मोजणीची खिडकी शहाणपणानं ठरवली नसेल तर मेलही कधी येणार नाही. दोन ओळी एकमेकींच्या जिवावर उभ्या आहेत, एक बदलली की दुसरी बघावी लागते.

तरीही हिशेब करा: तासात चारदा पडणारा प्रोग्राम ह्या सगळ्यातून सुटतो. दिवसाला शहाण्णव वेळा. म्हणून यंत्रानं मोजून भागत नाही, माणसानं बघावं लागतं. इथं मला आपल्या मंडळाबद्दल बोलायचं आहे.

त्याआधी एका माणसाचं नाव घेते, कारण 'पडू दे' हा शब्द आला की हल्ली सगळे त्याचं नाव घेतात. जो आर्मस्ट्राँग, स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरलँग ही भाषा ज्यांनी तयार केली त्यांच्यापैकी एक. प्रोग्रामनं प्रत्येक संकटाशी झुंजत बसू नये, पडावं, आणि वर बसलेल्या पर्यवेक्षकानं त्याला स्वच्छ स्थितीत पुन्हा सुरू करावं, हा त्या भाषेचा बाणा. दादा मला हेच ऐकवत असे. पण पुढचं अर्धं तो सांगत नसे. एरलँगच्या पर्यवेक्षकालाही मर्यादा असते. मुळात ती पाच सेकंदांत एका खेपेची असते, आपल्यापेक्षा कितीतरी कडक. ती ओलांडली की पर्यवेक्षक आपल्या हाताखालच्या सगळ्यांना बंद करतो, स्वतः बंद होतो आणि प्रश्न आपल्या वरच्याकडे जातो. वरच्यालाही झेपला नाही तर त्याच्या वरच्याकडे. म्हणजे 'पडू दे' ह्याचा अर्थ 'जाऊ दे' असा कधीच नव्हता. आपल्याकडे वरचा कोण? दादा बंगळुरूला, मी परीक्षेत, आणि सर सुटीवर.

मंडळाला अध्यक्ष आहे, कार्यवाह आहे, खजिनदार आहे, मुद्रितं तपासायला तिघे आहेत. एका अनुस्वारावरून आपण तासभर भांडतो आणि ते योग्यच आहे. पण ज्या पेटीत सगळे अंक, सगळ्यांच्या कथा-कविता आणि एका मुलीच्या आजीचं गाव ठेवलंय, तिच्याकडे बघायला कुणी नाही. का, तर ते 'संगणकवाल्यांचं काम'. अहो, पण त्या नोंदी म्हणजे काय? वाचायचा मजकूर. ह्या महाविद्यालयात वाचण्याचं काम मराठीच्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं कोण करणार? तोच शब्द दुसऱ्यांदा का आला, ह्या ओळीनंतर ती ओळ का आली नाही, हे विचारायची सवय तुम्हालाच आहे. माझ्यासारख्या मुली पहिल्या तीन ओळी वाचून खालचं गुगलला विचारतात.

आमच्या प्राचार्य फादरांनी हे सगळं ऐकून घेतलं तेव्हा एकच प्रश्न विचारला: "ते उठतं हे तू मला वर्षभर सांगत होतीस. पडतं किती वेळा, हे कधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, फादर, मलाच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "मग आता कुणाला ठाऊक असेल ते ठरवा." बस, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून मी सभेत प्रस्ताव ठेवला. दर महिन्याला एकाची पाळी. शाखा कोणतीही चालेल. दर शुक्रवारी दहा मिनिटं मशीनसमोर बसायचं आणि तीन गोष्टी वहीत लिहायच्या: प्रत्येक सर्व्हिस आठवड्यात किती वेळा उठली, डिस्कवर जागा किती उरली आणि आदल्या आठवड्यापेक्षा काय वेगळं दिसलं. ही तिसरी सगळ्यांत महत्त्वाची, तिला आकडा नाही, एखादं वाक्य लिहायचं. वही कागदाचीच, मशीनवर नको. कारण मशीन गेलं तर तीही जाईल. काहींना हे हास्यास्पद वाटलं. एकानं विचारलं, "हे पण ऑटोमॅटिक नाही का करता येत?" येतं. आकडे मेलनं येतात. दोन आठवडे वाचले जातात आणि तिसऱ्या आठवड्यापासून न उघडता खाली सरकतात. माझ्या स्वतःच्या मेलबॉक्समध्ये अशा सतरा मेल आहेत.

ती कथा तिनं पुन्हा लिहिली. स्पर्धेची मुदत परीक्षकांनी तिच्यासाठी आणि बाकीच्या आठ जणांसाठी वाढवून दिली. त्यातल्या पाच जणांकडे प्रत होती, दोघांनी नाद सोडला आणि एकानं कविता पाठवली, कथेच्या स्पर्धेत. तिची मी वाचली, चांगली आहे. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "पहिलीत आजी जास्त बोलत होती." मी काय बोलणार?

शोधाच्या पानातली मेमरीची चूक मी दुरुस्त केली आहे. लेखन आता आधी डिस्कवर उतरतं आणि मगच 'मिळालं' म्हणतं. जुनी डिस्क घरघरते, घरघरू दे. तरीही लेखन पाठवताना आपल्याकडे प्रत ठेवा. वही प्रयोगशाळेत चिठ्ठीशेजारी दोऱ्यानं बांधलेली आहे. ह्या महिन्याची पाळी इतिहासाच्या एका मुलाकडे आहे. त्यानं दुसऱ्याच शुक्रवारी लिहिलंय: 'डेटाबेस मंगळवारी पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी एकदा उठला. लाईट गेली नव्हती. का?' मी शोधते आहे, अजून सापडलेलं नाही. डिसेंबर आणि जानेवारीच्या पाळ्या रिकाम्या आहेत, नावं कार्यवाहांकडे द्या.